ट्रक गेला, पट्टी कुठाय?

कोपरखैरण्यातल्या वर्गणीदारांनो,

पावसाळ्यात आपल्याकडून एक ट्रक निघतोच. कधी कृष्णेला पूर, कधी पाटण खोऱ्यात दरड, कधी अर्धा मराठवाडा पाण्याखाली. तीन टाकीजवळ मंडप पडतो, माईकवरून नाव आणि रक्कम पुकारली जाते, माथाडी वसाहतीतली पोरं पोती चढवतात. त्यांचं ते चढवणं बघत राहावं असं असतं, पिढीजात कामच ते. ट्रकच्या तोंडाला बॅनर, बॅनरवर बारा फोटो. नारळ फुटतो, गाडी घाटाकडे वळते. पुढे तिचं काय झालं ते कोपरखैरण्यात कोणालाच कळत नाही.

आपली निम्मी वस्ती वाशीच्या मार्केटवर जगते. नारायणगावचा शेतकरी टोमॅटोची गाडी पाठवतो तेव्हा त्याला पट्टी मिळते. किती माल उतरला, वजन काय भरलं, भाव काय लागला, हमाली, तोलाई आणि भाडं किती कापलं, हाती काय उरलं, सगळं तिच्यात. पट्टीत गडबड दिसली की तो अडत्याची गचांडी धरतो. एका क्रेटवरून होणारी ही भांडणं आपण रोज बघतो आणि दहा टनांच्या ट्रकची पट्टी मात्र मागत नाही. का, तर म्हणे दान दिलं, त्याचा हिशोब काय मागायचा!

हे बोलणं वरवर मोठ्या मनाचं वाटतं, पण ते कोण बोलतं ते बघा. ज्याने दिलं तो क्वचितच बोलतो. ज्याने गोळा केलं तो बोलतो. स्वतःच्या खिशातले शंभर रुपये विसरायचा अधिकार तुम्हाला आहे. दोनशे घरांतून आणलेले पैसे विसरायचा अधिकार मंडळाला कोणी दिला? गणपतीच्या वर्गणीलासुद्धा धर्मादाय आयुक्तांची कलम ४१ क ची परवानगी लागते. पुराच्या वर्गणीची वेळ आली की सगळे भावनेच्या भरात असतात आणि कागद मागणारा माणूस दुष्ट ठरतो.

तरी आमची तक्रार चोरीची नाही, हे आधीच सांगतो. चोरी सोपी असते, पकडता येते. आमचं दुखणं वेगळं आहे.

२२ जुलै २०२१ च्या रात्री पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. आपल्यातल्या कितीतरी घरांची मुळं त्याच खोऱ्यात. वर्गणी न मागता आली. एका मंडळाने (नाव घेत नाही, आम्हीही त्यात होतो) ब्लँकेटं, तांदूळ आणि बाटलीबंद पाणी भरून गाडी पाठवली. दिवाळीला गावी गेलो तेव्हा एका शाळेच्या खोलीत तीच ब्लँकेटं प्लास्टिकसकट रचलेली दिसली, उंदरांनी वरच्या थरात संसार मांडलेला. गुरुजी म्हणाले, ब्लँकेटं पाच ठिकाणांहून आली, बायकांना अंगावरचं बदलायला काही नव्हतं, ते कोणी आणलं नाही. पाण्याच्या बाटल्यांचं विचारलं तर हसले. पोरांनी त्या पाण्याने चिखलाचे पाय धुतले होते.

एक पै इकडची तिकडे झाली नव्हती. आमच्या वहीत त्या गाडीसमोर लिहिलेलं आहे: मदत पोहोचली.

हे एकट्या आपल्या मंडळाचं पाप नाही. सरकार असंच मोजतं, मोठ्या संस्था असंच मोजतात. किती किट वाटली, किती पोती उतरली, किती घरांच्या चाव्या दिल्या. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गाडलं गेलं, १५१ माणसं गेली. आमडे गावी नवी वसाहत झाली, २०१७ च्या एप्रिलमध्ये घरं ताब्यात दिली. त्याच वर्षीच्या पहिल्या जोरदार पावसात रस्ते खचले, तडे गेले. एप्रिलमध्ये किती घरं दिली तो आकडा खरा होता. पण डोंगराखालच्या माणसाचा खरा हिशोब जूनमध्ये लागतो, आणि जूनमध्ये मोजायला कोणी उभं नसतं.

इर्शाळवाडी तर आपल्या दारातली. १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. वाचलेल्या ठाकर कुटुंबांना चौक गावाजवळ पत्र्याच्या कंटेनरमध्ये ठेवलं, नवी घरं बांधायचं काम सिडकोकडे गेलं. ज्या सिडकोने आपलं कोपरखैरणे आखलं, तीच. पहिल्या आठवड्यात तिथे एवढे ट्रक आले की उभे करायला जागा पुरेना. मग पुढचा पावसाळाही त्या लोकांनी कंटेनरमध्येच काढला. त्या दुसऱ्या पावसाळ्यात आपल्यातलं कोण गेलं होतं? आम्ही नव्हतो गेलो. गेला असेल त्याने पुढे यावं, त्याच्या पाया पडू.

आता कोणी म्हणेल, हे मोजमाप वगैरे परदेशी संस्थांचं फॅड आहे. अजिबात नाही. १८७६-७७ च्या दुष्काळात पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे गणेश वासुदेव जोशींच्या, सार्वजनिक काकांच्या सभेने, जिल्ह्याजिल्ह्यांत माणसं पाठवली. दुष्काळी कामांवर मजुरी काय मिळते, माणसं कामं सोडून का जातात, ढोरांचं काय झालं, याची टिपणं सभा एकामागून एक मुंबई सरकारला धाडत राहिली. मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर चार पैसे पुरे, असं तेव्हा सरकारच्या सर रिचर्ड टेंपलसाहेबांचं गणित होतं. सभेने ते गणित कामावरच्या माणसाच्या पोटाशी ताडून बघितलं आणि चुकीचं आहे म्हणून लिहून कळवलं. वीस वर्षांनी पुन्हा दुष्काळ पडला तेव्हा टिळकांनी आणि सभेने सरकारचाच दुष्काळाचा कायदा मराठीत छापून गावोगाव पोहोचवला: तुम्हाला काय मिळायला हवं ते वाचा, आणि मिळत नसेल तर मागा. १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. म्हणजे मदतीचा हिशोब मागणारं पत्रक ही या मुलखाची जुनी खोड आहे. तुमच्या हातातला कागद त्याच वळणाचा, फक्त झेरॉक्स.

सगळ्यात चांगला धडा मात्र किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत हजारो माणसं झोपेत गेली. बावन्न गावं नव्या जागी वसवली: आखीव रस्ते, सरळ रांगा, पक्की घरं. कितीतरी लोक पुढे बरेच दिवस त्या पक्क्या घरांसमोर पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होते, कारण छताची भीती गेली नव्हती. ही भीती कुठल्या तक्त्यात भरणार? पण जिथे जुनीच घरं दुरुस्त करायची होती, अशा हजारावर गावांत एक वेगळी गोष्ट झाली. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या साथीने महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमलं गेलं. कोणाचा हप्ता अडला, सिमेंट आलं का, गवंडी भिंत नीट बांधतो का, हे त्या बघायच्या आणि साहेबाला सांगायच्या. ज्यांची घरं होती त्याच तपासनीस झाल्या. आमचा सगळा आग्रह एवढ्याच गोष्टीसाठी आहे. पट्टी माल घेणाऱ्याने लिहायची, पाठवणाऱ्याने नाही.

आपल्यालाही घेणाऱ्याच्या जागी बसायची वेळ आली होती, विसरलात? मे २०२० मध्ये करोनामुळे मार्केट आठवडाभर कुलूपबंद होतं, हातावर पोट असलेल्या माथाड्यांच्या टोळ्या घरी बसल्या. किट घेऊन गाड्या गल्लीत आल्या. रस्त्यालगतच्या घरांना तीन-तीन किट, आतल्या चाळीला एकही नाही. किट घेताना फोटो काढून घ्यावा लागे. एका म्हाताऱ्या मुकादमाने, आयुष्यभर पाठीवर शंभर किलो वाहिलेल्या माणसाने, फोटोला नकार दिला आणि किट परत केलं. वाटणाऱ्याच्या यादीत त्याचं नाव ‘लाभार्थी’ म्हणून राहिलंच असेल.

फोटो म्हणजे अहवाल, ही समजूत आधी मोडली पाहिजे. २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या पुरात धान्याच्या पिशव्यांवर नेत्यांची चित्रं चिकटवली होती, त्यावर महाराष्ट्रभर शिव्या पडल्या. २०२५ च्या मराठवाड्याच्या पुरात पुन्हा तेच. पक्ष बदलतात, डिंक तोच. फोटोत देणारा दिसतो, घेणाऱ्याची मान खाली असते आणि पिशवीत काय होतं ते दिसत नाही.

एक आक्षेप मात्र आम्हाला मान्य आहे. पूरग्रस्त माणूस फॉर्म भरून भरून दमतो. सकाळी तलाठी, दुपारी संस्थेची मुलगी टॅब घेऊन, संध्याकाळी कॉलेजचा सर्व्हे, सगळ्यांना तेच विचारायचं: घरात किती माणसं, किती वाहून गेलं. असलं मोजमाप नसलेलं बरं. म्हणून आम्ही फॉर्म मागत नाही. गाडी भरण्याआधी गावात एक फोन करा, आणि तो सरपंचाला नको, अंगणवाडीतल्या सेविकेला किंवा बचत गटातल्या ताईला करा. काय नको ते आधी विचारा. वर्गणी किती जमली, कशावर गेली, त्याचा फळा मंडळाबाहेर लावा आणि तोच फळा त्या गावच्या चावडीवरही लावा, म्हणजे आम्ही पाचशे ब्लँकेटं लिहिली आणि तिथे दोनशे उतरली तर तिथलंच कोणी बोलेल. तीन महिन्यांनी दोन माणसांनी एसटीने जावं, बॅनर न घेता. जेवायला थांबू नये. परत येऊन जे फसलं ते आधी सांगावं. तिकिटाचा खर्च वर्गणीतूनच करा, आमची हरकत नाही. शंभरातले दोन रुपये यासाठी गेले तर उरलेल्या अठ्ठ्याण्णवांना डोळे येतील.

तुमच्या कपाटात २०१९ ची किंवा २०२१ ची पावती असेल. ती घेऊन रविवारी सकाळी आपापल्या मंडळाच्या कार्यालयात जा. आवाज चढवू नका, ती आपलीच माणसं आहेत. पावती टेबलावर ठेवा आणि पट्टी मागा. आठवत नाही म्हणाले, तर गाडीवर ड्रायव्हर कोण होता ते विचारा. माल कोणाच्या दारात उतरवला हे त्याला पक्कं आठवत असतं.

— कोपरखैरण्यातले काही वर्गणीदार