वस्तू नव्हे, माणसे

नगरमधील सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून जोतीराव फुल्यांना प्रेरणा मिळाली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली. याच नगरात १९४७ साली डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज स्थापिले. ‘वस्तू नव्हे, माणसे’ हे त्या ख्रिस्ती संस्थेचे बोधवाक्य. आम्ही बौद्ध, तरीही ते आम्हांस आपलेच वाटते, कारण शीलाविना विद्या घातक, हे बाबासाहेबांनीच शिकविले.

निकाल उंचावण्यासाठी कच्च्या मुलांना प्रवेश नाकारावा, अशी सूचना आज पालकांतून येते. आमचा तिला विरोध आहे. टक्केवारी ही वस्तू. पाथर्डी-शेवगावच्या ऊसतोड मजुराचे मूल हे माणूस. त्याच्यासाठीच हे वसतिगृह उभे राहिले. माजी विद्यार्थीहो, आपणही याच दारातून आत आलात.