रंग नका बघू, भोकं मोजा

सेकंडहँड फ्रेम बघायला गेलेला माणूस सहसा तीन गोष्टी बघतो. रंग, वजन आणि नाव. फ्रेम एका हाताने उचलतो, "वा, काय हलकी आहे" म्हणतो, स्टिकरवरून बोट फिरवतो आणि पैसे देऊन मोकळा होतो. माझं मत असं की या तिन्ही गोष्टी नंतर बघितल्या तरी चालतात. आधी बघायची ती भोकं.

हसू नका मंडळी. चाकं, चेन, ब्रेक, हँडल, सगळं उतरवल्यावर फ्रेममध्ये उरतं काय? काही नळ्या, आणि त्यांच्या टोकांना मोजून चार जागा. पुढे चिमटा बसतो ती जागा, वर सीटची दांडी जाते ती, खाली पायडलचा एक्सल फिरतो ती, आणि मागच्या चाकाच्या दोन खाचा. फ्रेम स्वतः काहीच करत नाही. ती फक्त दुसऱ्यांना जागा देते. आपल्या हापिसातल्या भाषेत सांगायचं तर फ्रेम म्हणजे निव्वळ इंटरफेस. आणि इंटरफेसबद्दल विचारायचा प्रश्न एकच: याला बसेल असं काही आजही कोणी बनवतं का?

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. सुटी फ्रेम घेऊन घरी सायकल जोडणं स्वस्त पडत नाही. कारखाना हेच पार्ट हजारोंनी घेतो, आपण एकेक घेतो. जुने पार्ट आधीच घरात पडून असतील तर गोष्ट वेगळी, नाहीतर त्याच दर्जाची तयार सायकल बहुतेक वेळा कमी पैशात मिळते. त्यामुळे पैसे वाचवायचे म्हणून यात पडू नका. पडायचं ते एवढ्यासाठी की पूर्ण समजून घेता येईल असं यंत्र आपल्या घरात फारसं उरलेलं नाही. मोबाइल उघडत नाही, गाडीचं बॉनेट उघडून उपयोग नाही. सायकल मात्र दोन-तीन विकांतांत शेवटच्या छर्‍यापर्यंत कळते.

आता मोजमाप. शाळेत फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला वापरलेला व्हर्नियर कॅलिपर आठवतोय? तोच. आयुष्यात त्याचा उपयोग होणार नाही असं तेव्हा वाटलं होतं :)

सुरुवात खालून करा, बॉटम ब्रॅकेटपासून. दुकानात याला नुसतं बीबी म्हणतात. नळीची रुंदी ६८ मिलिमीटर आणि आत आटे असतील तर बहुतेक तो ब्रिटिश मापाचा असतो: व्यास १.३७ इंच, इंचाला २४ आटे. या मापाला जगभर बीएसए म्हणतात, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, बंदुका बनवणारी कंपनी. आपल्याकडे रस्त्यावर दिसणाऱ्या सायकलींवरचं बीएसए हे नाव मूळचं तिचंच.

या मापाची गंमत म्हणजे उजव्या बाजूचे आटे उलटे असतात. तो कप उघडायचा तर घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. हा कुणाचा विक्षिप्तपणा नव्हे. एक्सल एका दिशेने फिरतो, मधले छर्रे दाबाखाली घरंगळतात आणि बाहेरच्या कपला हळूहळू उलट दिशेने सरकवत राहतात. आटे सरळ असते तर उजवा कप चालवता चालवता ढिला झाला असता. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात तेही याच कारणाने. इटालियन मापात (रुंदी ७० मिलिमीटर, व्यास ३६ मिलिमीटर) दोन्ही बाजूंचे आटे सरळ असतात, आणि त्या सायकलींचा उजवा कप सुटतो ही जुनीच तक्रार आहे. तुमच्या हातातली फ्रेम इटालियन निघाली तर ती सुंदर असेल, जरूर असेल, पण तिच्यासाठी बीबी शोधताना दमछाक होईल.

मग सीटची दांडी. हिची मापं ०.२ मिलिमीटरच्या फरकाने बदलतात. २६.८, २७.०, २७.२... डोळ्यांना सगळ्या सारख्याच. २७.२ सगळ्यात जास्त प्रचलित, म्हणून ती असेल तर सुटलात. बारीक दांडी पत्र्याची शिम लावून बसवता येते, जाडी मात्र ठोकून बसवायची नसते. आणि फ्रेममध्ये आधीचीच दांडी असेल तर ती हलते का ते दुकानात उभं राहूनच बघा. लोखंडी फ्रेममध्ये ॲल्युमिनियमची दांडी वर्षानुवर्षं तशीच राहिली की दोन धातू गंजून एकजीव होतात. अशी फ्रेम फुकट मिळाली तरी नको.

मागच्या खाचांमधलं अंतर हे तिसरं माप. १२०, १२६, १३०, १३५ मिलिमीटर, जसजसे मागचे गियर वाढत गेले तसतसं हे अंतर वाढलं. १२६ची लोखंडी फ्रेम जाणकार माणूस थोडी फाकवून १३० करून देतो, लोखंड ते सहन करतं. ॲल्युमिनियमला हा प्रयोग करू नये, कार्बनला तर विचारही नको. चिमट्याच्या जागेचीही अशीच कथा. जुन्या एक इंची मापातसुद्धा जपानी आणि इतर असे दोन पोटभेद आहेत, आणि दोघांत फरक केवढा? चिमट्याच्या मुळाशी बसणारी कडी एकात २७.० मिलिमीटर, दुसऱ्यात २६.४. एवढ्या फरकाने काम अडतं.

आणि चाकं! इथे नाव ठेवणाऱ्यांनी कहर केलाय. आपल्या काळ्या घोडा सायकलचा टायर '२८ × १ १/२'. त्याची रिमवर बसणारी कडा ६३५ मिलिमीटरची. रेसिंग सायकलची '७०० सी' रिम ६२२ची, पण त्या टायरवरही कधीकधी २८ छापलेलं असतं. उलट माउंटन बाइकवाले ज्याला २९ इंच म्हणतात तीही ६२२चीच! म्हणजे नाव एक आणि वस्तू दोन, नावं दोन आणि वस्तू एक, दोन्ही प्रकार एकाच दुकानात. २६ इंची म्हणाल तर माउंटन बाइकची ५५९ आणि जुन्या पद्धतीची '२६ × १ ३/८' ५९०. व्हेरिएबलला नावं देताना आपण घालतो तो गोंधळ यापुढे काहीच नाही. उपाय सोपा आहे. टायरच्या कडेला बारीक अक्षरांत '४०-६३५' असा आकडा असतो. तो वाचा, बाकीचं सगळं विसरा.

एवढा सगळा पसारा सांगण्याचं कारण असं की यातूनच फ्रेमचं आयुष्य ठरतं. गंजण्यातून नाही, रंग उडण्यातून तर नाहीच.

आपल्या दूधवाल्याच्या सायकलचंच घ्या. हीरो, ॲटलस, हर्क्युलिस, बीएसए, स्टिकर कुठलंही असो, पुढे ३२ तारा, मागे ४०, टायर तोच, चेन तीच, कॉटर पिन तीच. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. योगायोग असा क्रूर की त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. शेकडो कामगारांच्या पोटावर पाय आला, ती गोष्ट वेगळी आणि मोठी. पण ॲटलस चालवणाऱ्याची सायकल मात्र त्या दिवशी बंद पडली नाही. त्याला टायर लागला तर आजही तालुक्याच्या गावी मिळतो, कारण ते माप ॲटलसच्या मालकीचं कधी नव्हतंच. वस्तू तिच्या कारखान्यापेक्षा जास्त जगू शकते, ती अशी.

याच्या उलट, एखादी महागडी कार्बन फ्रेम घ्या, जिचा बीबी त्या कंपनीने चार वर्षं वापरला आणि सोडून दिला, जिची सीटची दांडी फक्त तिच्यासाठीच बनवलेली, गोल नाही की चौकोनी नाही. दहा वर्षांनी ती दांडी तडकली की लाखाची फ्रेम भिंतीवर. हौसेने टांगायला छान दिसेल म्हणा.

"म्हणजे काय, सगळ्यांनी १९५० साली जाऊन बसायचं का?" असं कोणीतरी विचारणारच. नाही. रॉड ब्रेक आणि क्रोमची लोखंडी रिम हे पावसात काय जोडपं आहे ते ज्याने जुलैत उतारावर अनुभवलंय त्याला विचारा. ओल्या क्रोमवर ब्रेक जवळजवळ लागतच नाही. ॲल्युमिनियमची रिम आली, बरं झालं. कॉटर पिन हातोड्याने ठोकायची कटकट गेली, तेही बरं झालं. बदलाला माझा विरोध नाही. माझा प्रश्न एवढाच की नवं माप सगळ्यांना बनवता येतं का, आणि दुसरे कोणी ते बनवतात का?

चांगला बदल कसा असतो याचा नमुना सायकलच्या चेनमध्येच आहे. एका गियरच्या दूधवाल्याच्या सायकलपासून मागे १२ गियरच्या रेसिंग सायकलपर्यंत चेनच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच ते अर्धा इंचच. चेन अरुंद होत गेली, पण मूळ माप कोणी हलवलं नाही. वाईट बदलाचा नमुना म्हणजे आटे काढून टाकून नुसता दाबून बसवायचा बीबी. फ्रेम बनवायला सोपा, पण त्याचे इतके प्रकार निघाले की मोजता मोजता थकाल, आणि नळी जराशी कमी-जास्त झाली की पायडल मारताना कुरकुर सुरू. शेवटी २०१५ साली टी-४७ नावाचं पुन्हा आट्यांचंच माप आलं आणि काही मोठ्या कंपन्या त्याच्याकडे वळल्या. फिरून भोपळे चौकात.

इलेक्ट्रिक सायकलींत हाच प्रश्न आणखी बिकट आहे. तिथे भोक जुळून भागत नाही. अनेक मोटरी आपल्याच कंपनीची बॅटरी ओळखतात, दुसरी लावली तर चालतच नाहीत. हे कुलूप लोखंडाचं नाही, सॉफ्टवेअरचं आहे. म्हणजे ते लिहिणारे आपल्यातलेच कोणीतरी आहेत. विकांताला कॅलिपर घेऊन मापांवर तावातावाने बोलणाऱ्याने सोमवारी आपण काय लिहितो तेही बघावं, नाही का?

यात सगळ्यात जास्त भरडला जातो तो कोपऱ्यावरचा सायकलवाला. ओव्हरहॉलिंगला 'ओव्हरऑइलिंग' म्हणणारा, पण चाक नुसतं फिरवून कुठली तार ढिली आहे ते सांगणारा. त्याचं दुकान आठ बाय दहाचं. दोन प्रकारचे बीबी तो ठेवू शकतो, वीस प्रकारचे नाही. प्रत्येक नवं बंदिस्त माप त्याच्या दुकानातलं एक गिऱ्हाईक कमी करतं. मग एक दिवस तिथे मोबाइल कव्हरचं दुकान येतं आणि आपण हळहळतो, "अरेरे, पूर्वी इथे एक काका बसायचे."

म्हणून घरी सायकल जोडताना सगळंच घरी करायचा हट्ट नको. फ्रेम घासणं, छर्रे आणि ग्रीस, बीबी बसवणं, केबल ओढणं, चेन तोडून जोडणं हे आपण करावं. चाकाचा आउट काढणं, हेडसेटचे कप दाबून बसवणं, आटे साफ करून घेणं हे त्याच्याकडे न्यावं, शेजारी उभं राहून बघावं, आणि तो मागेल ते पैसे द्यावेत. पन्नास हजारांचे पार्ट जालावरून मागवणाऱ्याने आउट काढायच्या मजुरीवर घासाघीस करावी यासारखं लाजिरवाणं दृश्य नाही.

दोन सूचना आणखी. पहिली, बीबीच्या नळीखाली सहसा नंबर कोरलेला असतो. तो घासून काढलेला असेल, किंवा विकणाऱ्याला सायकलचे बाकीचे पार्ट कुठे गेले ते सांगता येत नसेल, तर नमस्कार करून निघा. चोरीची सायकल सुटी करूनच विकली जाते. दुसरी, नळ्यांचे सांधे उन्हात नेऊन बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली तर ती ओरखडा आहे असं स्वतःला समजावू नका. खालच्या नळीला पुढच्या सांध्यामागे फुगवटा लागला तर ती कधीतरी समोरून आदळलेली आहे.

हे सगळं पार करून जी फ्रेम उरते ती बहुधा दिसायला साधीच असते. लोखंडी, थोडी जड, कुणीही वळून बघणार नाही अशी. बीबीला आटे, सीटची दांडी २७.२, मागे १३० किंवा १३५, चाक ६२२ किंवा ५५९. तीच घ्या. तिच्यातला प्रत्येक पार्ट आणखी वीस वर्षांनीही कोणीतरी बनवत असेल, आणि रंग काय, दोन स्प्रेच्या डब्यांत हवा तो मारता येतो.