आजोबांचं रिव्हॉल्व्हर ट्रंकेत, काडतूस कुठेच नाही; वारसदारांनी करायचं काय?

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या शेतकऱ्याचा फोन आला. वडिलांचं वर्षश्राद्ध उरकल्यावर माळ्यावरची ट्रंक उघडली, तर कापडात गुंडाळलेलं आजोबांचं जुनं रिव्हॉल्व्हर निघालं. सोबत हिरवट डाग पडलेली पाच काडतुसं आणि वडिलांच्या नावाचं परवान्याचं पुस्तक. पुस्तकावरचा शेवटचा शिक्का कधीच मुदत संपलेला. तो म्हणाला, "दादा, तू बातम्या लिहितोस, तूच सांग. हे ठेवायचं का विकायचं? आणि याला गोळी कुठं मिळती?"

प्रश्न एका घराचा नाही. सातारा जिल्ह्यात पिढ्यान् पिढ्या लोक फौजेत गेले, आपशिंग्याला तर 'मिलिटरी' हे नावच चिकटलं. फौजेतून, पोलिसातून, संस्थानी नोकरीतून आलेली हत्यारं काही घरांत परवान्यावर राहिली. परवानाधारकांची ती पिढी आता संपत चाललीय. मुलांच्या हातात हत्यार उरतं, कागद उरत नाही. आणि काडतुसाचा प्रश्न तर कागदाहून अवघड.

आधी हत्यार समजून घेऊ. इंग्रज फौजेचं गाजलेलं रिव्हॉल्व्हर म्हणजे वेब्ली. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, त्याचं मार्क सहा हे मॉडेल आलं. त्याची गोळी .४५५ बोअरची. पुढे १९३२ मध्ये फौजेने .३८ बोअरचं हलकं एनफिल्ड स्वीकारलं आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच बोअरचं वेब्ली मार्क चारही वापरात आलं. या गोळीला सरकारी कागदात .३८० म्हणतात.

खरी गोम इथंच आहे. आपल्या शस्त्र नियमांत ज्या रिव्हॉल्व्हर-पिस्तुलात .३८० किंवा .४५५ ची फौजी काडतुसं बसतात, ती 'प्रोहिबिटेड बोअर' म्हणजे प्रतिबंधित गटात येतात. .३०३ ची रायफलही त्याच गटात. कारण साधं आहे. सरकारी कोठारातली गोळी चोरीला गेली तर ती खासगी हत्यारात चालू नये. म्हणूनच नागरिकांसाठी .३२ चं रिव्हॉल्व्हर आणि .३१५ ची रायफल असे वेगळे बोअर रूढ झाले. साध्या बोअरचा परवाना कलेक्टर देतात. प्रतिबंधित बोअरचा अधिकार मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाकडे आहे.

म्हणजे ट्रंकेतून निघालेल्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर .३२ लिहिलंय का .४५५, यावर पुढचं सगळं अवलंबून. .३२ असेल तर वाट आहे. सरकारी कारखान्याची .३२ काडतुसं परवानाधारक डीलरकडे मिळतात, परवान्यावर नोंद करून आणि ठरवून दिलेल्या संख्येतच. त्यातही रिव्हॉल्व्हरची .३२ गोळी वेगळी आणि पिस्तुलाची .३२ वेगळी. नाव एक म्हणून कुठलीही उचलायची नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर जुन्या वेब्लीच्याच घाटावर बनलेलं आहे. २०२३ मध्ये त्यांनी 'प्रबल' नावाचं नवं मॉडेलही काढलं. म्हणजे .३२ वाल्याला हत्यारही मिळतं आणि गोळीही.

.४५५ वाल्याचं तसं नाही. ही गोळी इटलीची फिओची कंपनी बनवते, पण ती तिकडे. आपल्याकडे सामान्य नागरिकाला परदेशी हत्यार-गोळी आणण्याचा रस्ता ऐंशीच्या दशकातच जवळपास बंद झाला. नामवंत नेमबाजांना मिळणारी सवलत शेतकऱ्याच्या मुलाला लागू होत नाही.

अमेरिकेत जुनी लष्करी रिव्हॉल्व्हरं विकत घेऊन रेंजवर चालवण्याचा मोठा छंद आहे. रशियाचं १८९५ चं नागांत, इंग्रजांचं वेब्ली असली हत्यारं तिथे जमवतात. पण तिथेही डोकेदुखी गोळीचीच. नागांतला त्याचीच खास लांब गोळी लागते. वेब्लीची .४५५ गोळी सहज मिळेना, म्हणून तिथे पुष्कळ वेब्लींचा सिलिंडर मागून तासून अमेरिकी .४५ पिस्तुलाची गोळी बसवली गेली. त्या गोळीचा दाब जुन्या वेब्लीला सोसण्यापेक्षा जास्त असतो, हे जाणकार आजही बजावून सांगतात. जिथे दुकानात गोळी मिळते तिथे ही अवस्था. आपल्याकडे "बसतीय ना, मग चालंल" म्हणून कुणी प्रयोग केला तर आधी हात जाईल, मग केस होईल.

जुन्या काडतुसांबद्दलही तेच. पन्नास-साठ वर्षं ट्रंकेत पडलेली गोळी उडेलच असं नाही. काही वेळा चाप ओढल्यावर उडत नाही आणि दोन-चार सेकंदांनी अचानक उडते. माणूस तोवर नळीत डोकावलेला असतो. म्हणून मळ्यात जाऊन "बघू तरी चालतंय का" हा उद्योग कुणी करू नये. लग्नात-वरातीत तर नकोच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात निष्काळजीपणे गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याच दुरुस्तीने एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवायची मर्यादा आली, आणि ती वारसाहक्काने आलेल्या हत्यारालाही लागू आहे. परवाना मात्र तीनऐवजी पाच वर्षांचा झाला. शिक्षाही वाढल्या. बिनपरवाना साधं हत्यार सापडलं तर दोन ते पाच वर्षं, प्रतिबंधित बोअरचं असेल तर सात ते चौदा वर्षं. ट्रंकेतल्या आजोबांच्या आठवणीला कायदा आठवण म्हणत नाही.

२०२० मध्ये केंद्राने एक सवलत दिली. 'क्युरिओ' म्हणजे जुनी, जपून ठेवण्यासारखी वस्तू या गटात बसणारं हत्यार नुसतं बाळगायला परवाना लागत नाही. पण वापरायला, घेऊन फिरायला परवाना लागतोच, आणि परवान्यावर नोंद नसेल तर त्याची गोळी कुणी विकू शकत नाही. आपलं हत्यार क्युरिओ आहे हे आपणच ठरवून गप्प बसायचं नाही. ते गृह शाखेकडून लेखी घ्यावं.

मग करायचं काय? परवानाधारक वारला की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडे जमा करावं आणि पावती घ्यावी. आधी फोन करून सांगावं, पिशवीत घालून एसटीने निघू नये. जमा केल्याने मालकी लगेच जात नाही. ठरलेल्या मुदतीत वारस परवाना काढून ते परत घेऊ शकतो किंवा पात्र माणसाला विकू शकतो. मुदत गेली तर मात्र ते सरकारजमा होतं. वारसाचा परवाना मृत्यूनंतरच मिळतो असंही नाही. धारक सत्तर वर्षांचा झाला, किंवा हत्यार बाळगून पंचवीस वर्षं झाली, तर तो हयातीतच वारसाच्या नावे अर्ज करू शकतो. म्हाताऱ्या माणसांनी हे आजच करावं.

प्रशासनाकडेही एक मागणी आहे. फेरफाराची, दाखल्यांची शिबिरं तालुक्याला होतात, तसं वारसा शस्त्रांचं एक शिबिर घ्या. जुन्या रजिस्टरमध्ये मृत धारकांची नावं आहेतच. कट्टेवाला रात्रीत कट्टा आणतो आणि त्याला कुठली मुदत आडवी येत नाही. प्रामाणिक घर मात्र "पोलिसात नेलं तर आपल्यालाच धरतील" या भीतीने हत्यार पुन्हा माळ्यावर ठेवतं. वर्षं जातात, गुन्हा मोठा होत जातो.

त्या शेतकऱ्याच्या रिव्हॉल्व्हरवर .४५५ निघालं. तो म्हणाला, "मग तर हे लोखंडच की." मी म्हटलं, लोखंड असतं तर भंगारात घातलं असतं. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांना सोबत घेऊन तो ठाण्यात गेला. पावती आता परवान्याच्या पुस्तकात घडी करून ठेवलीय.