माळाला माळ राहू द्या

बारामती-इंदापूरच्या माळावर झाडे लावली की पाऊस वाढेल, हवेतला कार्बन घटेल, असे दर पावसाळ्यात सांगितले जाते. २०१९ मध्ये राज्याने ३३ कोटी रोपांचे लक्ष्य ठेवले होते. अशा मोहिमांना जागा लागते आणि ती हमखास माळावर सापडते. हेतू चांगला असला तरी जागा चुकते.

माळ पडीक आहे, हा पहिला आक्षेप. सरकारी नोंदीही गवताळ जमिनीला बहुधा पडीकच म्हणतात. पण इंदापुरातल्या कडबनवाडीच्या माळावर चिंकारा, लांडगा, खोकड नांदतात. सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये झाले ते चिंकाऱ्यासाठीच. हे हरीण नजरेवर आणि पळण्यावर जगते. गिरिपुष्पासारखी परकी झाडे दाटली की त्याची वाट अडते, खालचे गवतही उन्हाविना मरते.

झाडेच कार्बन धरतात, हा दुसरा आक्षेप. गवताचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो. वणव्यात पाती जळतात, मुळे टिकतात. त्याच मातीत खड्डे आणि चर खणले तर साठलेला कार्बन मोकळा होतो. अवर्षणात रोपे जळाली की हातात काहीच उरत नाही.

माळाने पोट भरत नाही, हा तिसरा. धनगरांची मेंढरे याच गवतावर पोसतात. तीच रानात बसवली की शेतकऱ्याला खत मिळते. २०२४ पासून कडबनवाडी आणि बारामतीतल्या गाडीखेल येथे वन विभागाची गवताळ सफारीही सुरू झाली आहे.

मुंबईकर कांदळवनाला एकेकाळी चिखल समजत. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तोड थांबवली, २०१२ मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष उभारला. खाडीला कांदळवन हवे, तसे माळाला गवत हवे. खाडीत आंबे लावा, असे कोणी म्हणत नाही.

म्हणून माळावर चर खणणे थांबवावे. मारवेल, पवना, डोंगरी या गवतांचे बी पेरावे. अतिचराई होते, हे खरेच. तिच्यावर बंदी हा उपाय नाही. मेंढपाळांना सोबत घेऊन माळाचे तुकडे आळीपाळीने राखावेत. लांडग्याने मेंढरू मारले तर भरपाई लवकर द्यावी, नाहीतर संरक्षणाचा भुर्दंड गरिबालाच पडतो. झाडे जरूर लावावीत, पण बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे कुरणांचे आणि पशुपालकांचे वर्ष ठरवले आहे. लागवडीच्या आराखड्यात फक्त रोपांची संख्या मोजणे सोडून किती हेक्टर गवत परतले, हेही मोजायला लागलो, तरच ते वर्ष आपल्या तालुक्यांपर्यंत पोहोचेल.