युद्धाचा हिशोब

28 एप्रिल 1916 रोजी बेळगावात स्वराज्याची मागणी करणारी लोकमान्य टिळकांची होमरूल लीग स्थापन झाली. दुसऱ्याच दिवशी मेसोपोटेमियात, तिग्रिसकाठच्या कुत-अल-अमारा गावात, उपासमारीने खंगलेल्या ब्रिटिश फौजेने तुर्कांपुढे शस्त्रे ठेवली. त्या फौजेचे नाव होते पूना डिव्हिजन. जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकलेल्या तिच्या पलटणींत मराठा पलटणीही होत्या.

या दोन तारखा शेजारी येणे हा योगायोग खरा, पण त्या दोन घटनांचा संबंध योगायोगाचा नाही. लोकमान्य टिळक जून 1914 मध्ये मंडालेहून सुटून आले, तेव्हा जहाल चळवळ थंडावलेली होती. ऑगस्टमध्ये इंग्लंड महायुद्धात उतरले आणि साम्राज्याला हिंदुस्थानची माणसे व पैसा हवा झाला. टिळकांनी ही निकड ओळखली. युद्धात सरकारला मदत करावी, पण माणसे हवी असतील तर आधी हक्क द्या, ही त्यांची भूमिका होती. जून 1918 मध्ये मुंबईच्या टाउन हॉलमधल्या युद्ध परिषदेत ते हेच बोलू लागले. गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना अडवले आणि टिळक सभागृह सोडून बाहेर पडले.

दहा लाखांहून अधिक हिंदी माणसे परदेशी आघाड्यांवर गेली. सत्तर हजारांहून अधिक परतलीच नाहीत. बदल्यात 1919 मध्ये मिळाला रौलट कायदा.

युद्धाने राष्ट्रवाद जन्माला घातला, असे म्हणणे मात्र चूक ठरेल. महागाई, सैन्यभरती आणि मोडलेली वचने यांनी असंतोष वाढवला. त्याला वळण दिले ते आधीपासून झिजणाऱ्या माणसांनी.

हिशोबाची दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे. गरज पडली तेव्हा सरकारने 1917 मध्ये महारांची 111 वी पलटण उभारली आणि 1921 मध्ये ती मोडली. रक्त चालते, पण माणूस चालत नाही, हा अनुभव अस्पृश्य समाजाला परक्या सरकारने दिला आणि स्वकीय समाजानेही. लष्करातल्या सुभेदारांचे पुत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महारांच्या सैन्यभरतीचा प्रश्न सोडला नाही. दुसरे महायुद्ध आले तेव्हा, ऑक्टोबर 1941 मध्ये, महार रेजिमेंट उभी राहिली, तीही बेळगावातच. स्वराज्य कोणाचे, हा प्रश्न स्वराज्याच्या मागणीइतकाच मोठा होता. तो विचारणाऱ्यांना राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात मानाचे पान मिळालेच पाहिजे.

मुंबईच्या गोराई-बोरिवलीतल्या कितीतरी घरांची मुळे कोकणात आणि साताऱ्यात आहेत. तिकडच्या अनेक गावांत महायुद्धावर गेलेल्यांची संख्या कोरलेल्या दगडी पाट्या अजून उभ्या आहेत. पाटीवर आकडा असतो, नावे बहुधा नसतात. वाचकहो, या दिवाळीत गावी जाल तेव्हा ती पाटी शोधा, वडीलधाऱ्यांना विचारा आणि आठवतील ती नावे लिहून ठेवा.