ब्रेक ऑइल ‘फुल’ आहे म्हणजे ब्रेक चांगला आहे, हा गैरसमज सोडा



आज पिकाबद्दल नाही, पीक बाजारात नेणाऱ्या गाडीबद्दल लिहितोय. थोडं कडक लिहितोय. गोड बोलून हा विषय कुणी ऐकत नाही.

भात विकायला नेला आणि ओलावा १७ टक्क्यांच्या वर निघाला की हमीभाव केंद्रावरून पोती परत येतात. सोयाबीनवाल्यांना १२ टक्क्यांची अट तोंडपाठ आहे. २०२४ च्या हंगामात ती १५ पर्यंत सैल झाली तेव्हा गावोगाव चर्चा झाली. एकेका टक्क्यावरून आपण भांडतो. आणि तीच पोती ज्या पिकअपमध्ये भरून आपण घाट उतरतो, तिच्या ब्रेक ऑइलमध्ये किती टक्के पाणी आहे, हे विचारलं तर सगळे एकमेकांकडे बघतात.

मी राहतो भाईंदर पूर्वेला, शेती वाडा तालुक्यात. घराजवळ खाडी आणि मिठागरं, शेतावर चार महिने धो धो पाऊस. पावसाळ्यात मिठाची पिशवी उघडी राहिली तर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. ब्रेक ऑइल तसंच आहे. नाव ऑइल असलं तरी ते तेल नाही. आपल्या पिकअप, छोटा हत्ती, जीप, मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकमध्ये जे डॉट ३ किंवा डॉट ४ असतं, ते ग्लायकॉल जातीचं रसायन आहे आणि ते हवेतला दमटपणा ओढून घेतं. टाकीच्या झाकणातून घेतं, रबरी होजमधून घेतं, आणि गॅरेजवाल्यानं अर्धी वापरून फळीवर ठेवलेल्या बाटलीत तर गाडीत जायच्या आधीच घेतं.

पाणी गेलं तर बिघडतं काय? आकडे बघा. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशाला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की मानक १४० अंशाचीच हमी देतं. डॉट ४ चं कोरडं २३० आणि ओलं १५५. म्हणजे शंभरात चार भागही पाणी नाही, आणि ताकद ६५ ते ७५ अंशांनी खाली.

आता घाटाचा हिशेब करा. गाडी आणि माल मिळून ३ टन. खंडाळ्यावरून खोपोलीला उतरताना उंची जवळपास ५०० मीटरनं कमी होते. त्या उतरण्यात जी ऊर्जा निघते, तिच्यात ३० अंशाचं ५० लिटर पाणी उकळीला येईल. त्यातला वाटा इंजिन घेतं, वारा घेतो, टायर घेतात. उरलेली सगळी उष्णता डिस्क, ड्रम आणि लायनरमध्ये. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे शहाणे इंजिनाचा वाटासुद्धा ब्रेकच्याच डोक्यावर टाकतात. ती उष्णता चाकातल्या सिलेंडरपर्यंत पोचली आणि आतलं ओलं ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफ दाबली जाते. पाय थेट फळीला टेकतो आणि गाडी थांबत नाही.

यातला सगळ्यात वाईट भाग पुढे आहे. गाडी गार झाली की वाफेचं परत पाणी होतं आणि पॅडल पुन्हा कडक लागतं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री पाय मारून बघतो आणि म्हणतो, ब्रेक तर चांगला आहे, ड्रायव्हरचीच चूक. पुरावा गार होऊन निघून गेलेला असतो. मार खातो तो महिना पगारावर राबणारा ड्रायव्हर, आणि बऱ्याचदा तो आपल्याच गावचा पोरगा असतो.

आता मुद्द्यावर येतो. माझा राग आहे ‘टॉप-अप’ या शब्दावर. आमच्या भागातल्या एका गॅरेजवाल्याला मी म्हटलं, ऑइलमधलं पाणी तपासून दे. तो म्हणाला, “काका, लेवल फुल आहे, वर थोडं मारून देतो, टेन्शन घेऊ नका.” अरे बाबा, लेवल किती आहे हे मला डोळ्यांनी दिसतंय. आत काय आहे ते मी विचारतोय. कुजलेल्या कांद्याच्या गोणीवर चार चांगले कांदे ठेवून गोणी विकणाऱ्याला आपण काय म्हणतो? वरून ताजं ऑइल ओतून गाडी परत देणं यात वेगळं काय आहे? शिवाय लेवल कमी झाली असेल तर लायनर झिजलंय किंवा कुठेतरी गळतंय. ते न बघता वर ओतणं म्हणजे दुखणं झाकणं.

दुसरं खूळ रंगाचं. “काळं पडलं की बदलू.” रंग बघून ओलावा कळत नाही. पिवळंधम्मक दिसणारं ऑइलसुद्धा ओलं असू शकतं.

तिसरं खूळ पासिंगचं. नव्या धंद्याच्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावा लागतो. तिथं ब्रेक तपासतात, चांगली गोष्ट आहे. पण तो ब्रेक थंड असतो आणि गाडी सपाट जागेवर. थंड असताना ओलं ऑइलही पास होतं. पाणी आपला रंग दाखवतं ते घाटात, पोती भरलेली असताना.

आता तपासायचं कसं. बाजारात पेनासारखं टेस्टर मिळतं. टोक ऑइलमध्ये बुडवायचं, हिरवा, पिवळा, लाल दिवा लागतो. स्वस्त आहे, जरूर घ्या, पण त्याला देव मानू नका. ते पाणी मोजत नाही, ऑइलमधून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून अंदाज सांगतं. खारवट जमिनीत स्वस्तातलं ओलावा मापक खोटं बोलतं हे शेतीतज्ज्ञांना सांगायला नको. तिथं क्षारामुळे चुकतं, इथं ऑइलच्या ब्रँडमुळे चुकू शकतं. खरं माप देतं ते ऑइलचा नमुना तापवून उकळायचा अंश दाखवणारं यंत्र. ते महाग असतं, चांगल्या वर्कशॉपमध्ये मिळेल.

पेनानं तपासणार असाल तर असं करा:

१) आधी त्याच ग्रेडची नवी, सीलबंद बाटली उघडून त्यात पेन बुडवा. तिथं हिरवा लागला नाही तर पेन बिघडलंय किंवा त्या ऑइलला ते चालत नाही.

२) मग टाकीचं झाकण आणि भोवतालचा भाग कोरड्या फडक्यानं पुसून मगच झाकण उघडा आणि टाकीतलं ऑइल तपासा.

३) तेवढ्यावर थांबू नका. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलमधून थोडं ऑइल स्वच्छ, कोरड्या काचेच्या भांड्यात काढून तेही तपासा. पोत्याच्या तोंडाशी दाणे कोरडे आणि पोटात ओले असतात, तसंच हे आहे. टॉप-अप केलेली टाकी हिरवी दाखवेल आणि चाकापाशी लाल लागेल. उकळतं ते चाकापाशीच. निपल उघडायचं काम जाणत्या माणसाकडून करून घ्या, आणि नंतर पॅडल कडक लागल्याशिवाय गाडी हलवू नका.

४) लाल लागला तर सगळं ऑइल बदला. हिरवा लागला पण ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं आहे, तरी बदला. शेवटचं कधी बदललं ते आठवत नसेल तर तपासत बसू नका, बदलाच.

५) झाकणावर लिहिलेला ग्रेडच घाला. बाटली लहान घ्या, उरलेलं ऑइल पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. इंजिन ऑइल चुकूनही घालू नका, आतली रबरं फुगतात. ट्रॅक्टरवाल्यांनी आपलं पुस्तक बघावं. काही ट्रॅक्टरच्या ब्रेकला खनिज तेल लागतं, तिथं डॉट ४ घातलं तर उलटं नुकसान. आणि मोठ्या ट्रकचे हवेचे ब्रेक हा वेगळा विषय आहे, तिथं हवेच्या टाकीतलं पाणी रोज सोडायचं.

६) काढलेलं ऑइल बांधावर किंवा गटारात ओतू नका. विषारी आहे, गुरांपासून लांब ठेवा.

कुणी म्हणेल, “वीस वर्षं गाडी चालवतोय, काही झालं नाही.” वीस वर्षं विमा भरला आणि पीक बुडालं नाही, म्हणून विमा फुकट गेला म्हणायचं का? कुणी म्हणेल खर्च. ऑइल आणि मजुरी मिळून जो खर्च होतो, त्याहून जास्त पैसे एका फवारणीत जातात. उलट ओलं ऑइल आतून गंज आणतं, मास्टर सिलेंडर आणि चाकाचे सिलेंडर खातं. तो खर्च कुणाच्या खिशातून जातो?

कृषी सहायक आणि कंपनीच्या मित्रांनो, तुम्ही आम्हाला सांगता, माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, पाण्याचा सामू बघितल्याशिवाय फवारू नका. बरोबर सांगता. मग ज्या मोटारसायकलवर दिवसभर शिवारं पालथी घालता, तिच्या डिस्कच्या छोट्या डबीतलं ऑइल कधी बदललं? हाच नियम तिथंही लावा.

माझ्या मागण्या तीन आहेत. गॅरेजवाल्यानं बिलावर ऑइलचा ग्रेड आणि बदलल्याची तारीख लिहावी, नुसतं ‘सर्व्हिसिंग’ चालणार नाही. शेतकरी कंपन्यांनी आणि दूध संस्थांनी उकळायचा अंश मोजणारं एक यंत्र सामायिक घ्यावं आणि पावसाळा संपला की सभासदांच्या गाड्या तपासाव्यात. धान्याचा ओलावा मोजायचं यंत्र घेता येतं तर हेही घेता येईल. आणि मालक म्हणून आपण ड्रायव्हरनं “पॅडल मऊ लागतंय” म्हटल्यावर “आजची खेप टाकून ये, मग बघू” हे बोलणं बंद करावं.

वाड्याहून मनोरमार्गे हायवेला लागून वर्सोव्याचा खाडीपूल आणि काशिमीरा गाठणारी पिकअप असो, ठाण्याचं गिऱ्हाईक करायला गायमुखचा घाट घेणारी असो, की जुन्नरहून माळशेज आणि नाशिकहून कसारा उतरून रात्री येणारा भाजीचा टेम्पो, सगळ्यांच्या पुढे-मागे कुणाची तरी माणसं चाललेली असतात. या आठवड्यात बोनेट उघडा. ऑइल बदललंय त्या तारखेची चिठ्ठी टाकीजवळ चिकटवलेली नसेल, तर पहिली खेप बाजाराची नको, गॅरेजची करा.