मूळपेशी : शरीराचे बेणे



‘वडिलांना लकवा झालाय. स्टेम सेलचे इंजेक्शन घ्या म्हणतात, खर्च लाखांत आहे. एकरभर रान विकावे का?’ असे विचारणारी घरे हल्ली भेटतात. रान विकण्याआधी ही गोष्ट नीट समजून घ्या.

स्टेम सेल म्हणजे मूळपेशी. उसाचे पान लावून ऊस येत नाही. कांडीवरचा डोळाच फुटतो. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी पानासारख्या एकाच कामाला बांधलेल्या असतात. थोड्या मात्र डोळ्यासारख्या असतात. त्या स्वतः वाढतात आणि नव्या पेशीही घडवतात. त्याच मूळपेशी.

त्यांचे मुख्य प्रकार तीन. पहिला, काही दिवसांच्या गर्भातल्या पेशी. यांपासून शरीरातली कोणतीही पेशी होऊ शकते. दुसरा, मोठ्या माणसाच्या हाडातल्या मगजात, कातडीत, डोळ्यात असणाऱ्या. या आपापल्या जागेच्याच पेशी करतात. बाळाच्या नाळेतल्या रक्तातही रक्त घडवणाऱ्या मूळपेशी असतात. तिसरा प्रकार प्रयोगशाळेतला. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या कातडीतल्या पेशी मागे नेऊन गर्भातल्या पेशींसारख्या केल्या. पहिल्या व तिसऱ्या प्रकारचे उपचार अजून बहुतांशी चाचणीतच आहेत.

खात्रीचा उपयोग रक्ताच्या आजारांत आहे. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया अशा काही आजारांत रोगट मगज औषधांनी नाहीसा करून दात्याच्या मूळपेशी शिरेतून देतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे काम १९८३ साली सुरू झाले. सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक असते. उपचार अवघड आणि जोखमीचा आहे, पण त्याने अनेकांचे प्राण वाचले आहेत.

दुसरा उपयोग डोळ्याचा. तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या हातात फुटते आणि चुना डोळ्यात जातो. त्याने बुबुळाच्या कडेच्या मूळपेशी जळतात व बुबुळ पांढरे पडते. अशा वेळी चांगल्या डोळ्याच्या कडेचा तिळाएवढा तुकडा घेऊन तिथे नव्या पेशी वाढवता येतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने यात मोठे काम केले आहे. तरी चुना मुलांपासून दूरच ठेवा. डोळ्यात गेलाच तर लगेच स्वच्छ पाण्याने अर्धा तास डोळा धुवा आणि मग तडक डॉक्टर गाठा.

लकवा, मधुमेह, मुलांची स्वमग्नता यांवर मात्र मूळपेशींचा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नियमांनुसार असे उपचार फक्त नोंदलेल्या चाचणीतच करता येतात आणि चाचणीसाठी रोग्याकडून पैसे घेता येत नाहीत.

बियाण्याची पिशवी घेताना आपण टॅग पाहतो, पावती मागतो. इथेही विचारा : हा उपचार या आजारासाठी मान्य आहे का? चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक कोणता? आणि चाचणी आहे तर पैसे कशाचे? उत्तर टाळले, तर सरळ घरी या आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या. लकव्याच्या रोग्याला नेमाने व्यायाम द्या आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नका. रान विकायची घाई तर मुळीच नको.